पत्ता अपूर्ण

बदली होऊन किटाळीच्या पोस्टात आले
तेव्हा चाव्यांबरोबर रजिस्टरवर सही केली:
तिजोरी एक, वजनकाटा एक, शिक्के सात,
खुर्च्या तीन, पैकी एक मोडकी.
मागच्या आवारातल्या हिरव्या गर्दीबद्दल
कुठल्याच रकान्यात काही नव्हतं.

मी पत्ते वाचणारी बाई.
'गुरनुले, बोडीच्या पाळीजवळ' एवढ्यावर
माणूस शोधून काढते.
इथं तर तारेच्या कुंपणावर पाच-सहा वेली
एकमेकींच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या,
नाव नाही, गाव नाही, तिकीट नाही.

पहिलं झुडूप इंदल मडावीनं ओळखलं,
टपालाची थैली सायकलवरून न उतरवताच.
"निरगुडी आहे जी. पान चोळा, नाकाशी धरा."
दोन दिवस हाताला तो कडवट वास,
मनिऑर्डरच्या पावत्यांनाही लागला.

एका वेलीनं पदर धरला तो सोडेना.
सुईसारखी पानं, मागे वळलेले काटे.
"शतावरी," धुर्पताबाई म्हणाली,
"बाळंतिणीले देतेत. तुमाले काय कामाची."
मग जीभ चावली
आणि झाडू घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात गेली,
जिथं झाडण्यासारखं काही नव्हतं.

कळलावी मात्र सोपी.
पानाचंच टोक बोटासारखं वळवून
तारेला अडकवते.
"उपटून फेका," शेजारचे नैताम म्हणाले,
"ज्या घरी हे, त्या घरी भांडन."
मी एकटी राहते.
ठेवली.

बेडकीचा पाला आचलनं चारला.
"चावा मॅडम. आता साखर खा."
साखर कसली, रेती. निव्वळ नदीची रेती.
चहा केला, दोन चमचे जास्त घातले,
तरी रेतीच.
शाळेची पोरं कुंपणाला लटकून हसत होती,
सगळ्यांचे दात हिरवे.

मोबाइलनं एका झुडपाला
चीनमधलं कसलंसं फूल ठरवलं,
ब्याण्णव टक्के.
इंदलनं काच शर्टाला पुसली, पुन्हा पाहिलं.
"धायटी आहे हे. उरलेले आठ टक्के
मी आहो ना जी."

राहिली एक.
विहिरीच्या कठड्यावरची.
पानं समोरासमोर, कडा साध्या.
मोडली तर चीक नाही, चोळली तर वास नाही.
बकरी तोंड लावते नि सोडून देते,
खातही नाही, थुंकतही नाही.
सुकरू कोडापे तिच्यापुढे उकिडवे बसले
विडी विझेपर्यंत.
"फूल येऊ द्या. फुलाबिगर
मी कोनाचं नाव घेत नाई."
तीन वर्षं झाली. फूल नाही.

शेवटी दहिवले बाईंना पत्र टाकलं.
माझ्याआधी अकरा वर्षं इथं होत्या,
आता तुमसरला असतात.
फोनवर पान कसं सांगायचं,
म्हणून आंतरदेशीय पत्रात एक घडी करून घातलं.
आंतरदेशीय पत्रात काही घालायचं नसतं,
हा नियम रोज लोकांना मीच सांगते.

उत्तर आलं. शिक्का मीच मारला,
आणि मीच घेतलं.

'मी नाही लावली. मी आले तेव्हा होतीच.
मी आपली विहिरीवरची म्हणायची.
उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी
तिलाच टाकायची मी.
तुम्ही टाकता ना?'

कार्ड काढलं. 'टाकते' असं लिहिलं.
पुढे काय लिहावं सुचेना.

तेवढ्यात इंदलनं थैली रिकामी केली.
एक पाकीट भिजलेलं,
नाव, घर, सगळं शाईसकट वाहून गेलेलं,
खाली नुसतं 'किटाळी' उरलेलं.
"हे कोनाचं असंल जी? परत धाडू?"
"परत तरी कुठं धाडणार," म्हटलं,
"खिडकीत ठेव. वाळू दे आधी."